एक निबंध रद्द, आणि खटला सगळ्या प्रथिनांवर

अल्झायमरविषयी गेल्या काही वर्षांत एक निष्कर्ष फार वेगानं लोकांच्या तोंडी रुळला आहे. तो साधारण असा: मेंदूत साठणाऱ्या प्रथिनांमुळे हा आजार होतो असं सांगणारं सगळं संशोधन 2006 मधल्या एका बनावट शोधनिबंधावर उभं होतं, ते उघडकीला आलं, म्हणजे सोळा वर्षं आणि अब्जावधी डॉलर पाण्यात गेले. तेव्हा मेलेल्या माणसांच्या मेंदूतली प्रथिनं मोजत बसण्याचा उद्योग आता आवरावा आणि तो पैसा रुग्णांच्या सेवेकडे वळवावा. चांगली शिकलेली, वाचणारी माणसं हे बोलतात. व्हॉट्सॲपवर हाच मजकूर फिरतो तेव्हा त्याच्या शेपटाला हळदीच्या दुधाची शिफारस जोडलेली असते. (करक्युमिनची अल्झायमरच्या रुग्णांवर केलेली एक लहान चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात फायदा दिसला नाही. हळदीपुरतं एवढं पुरे.)

यातलं खरं किती आणि ऐकीव किती हे वेगळं करायला हवं. कारण हा सगळा राग शेवटी चेतापेशीतल्या प्रथिनांच्या अभ्यासावर निघतो, आणि नेमका तोच अभ्यास या आजारात सर्वांत अपुरा राहिला आहे.

आधी जे घडलं ते. मार्च 2006 मध्ये ‘नेचर’मध्ये मिनेसोटा विद्यापीठातले सिल्व्हाँ लेस्ने, कॅरन ॲश आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध आला. अमायलॉइड-बीटा या प्रथिनाचे रेणू एकत्र येऊन बनलेला एक विशिष्ट पुंजका, ‘अमायलॉइड-बीटा स्टार 56’, जनुकबदल केलेल्या उंदरांच्या मेंदूतून वेगळा काढला आणि निरोगी रॅटना टोचला, तर त्यांची स्मरणशक्ती बिघडली, असा त्यात दावा होता. जुलै 2022 मध्ये ‘सायन्स’मध्ये चार्ल्स पिलर यांनी व्हँडरबिल्ट विद्यापीठातले मेंदूविकारतज्ज्ञ मॅथ्यू श्रॅग यांच्या शंका जगापुढे मांडल्या. निबंधातल्या प्रथिनपट्ट्यांच्या चित्रांत कापाकापी आणि जोडाजोडीच्या खुणा होत्या. जून 2024 मध्ये निबंध मागे घेतला गेला. ॲश यांनी त्याला संमती दिली, लेस्ने यांनी दिली नाही. तोवर हा निबंध दोन हजारांहून अधिक वेळा उद्धृत झाला होता.

ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. अठरा वर्षं ती चित्रं सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. हार्वर्डचे डेनिस सेल्को यांच्यासारख्या, अमायलॉइडच्या बाजूनं उभ्या असलेल्या संशोधकालाही हा पुंजका मानवी नमुन्यांत सापडला नव्हता आणि तसं छापूनही आलं होतं. तरी उद्धरणं वाढतच गेली. शोधनिबंध न वाचता त्यांचा हवाला देण्याची सवय फक्त आपल्याकडच्या पीएच.डी. प्रबंधांतच आहे असं नाही.

पण ‘सगळं त्यावर उभं होतं’ हे विधान साध्या तारखांपुढेही टिकत नाही. नोव्हेंबर 1906 मध्ये ट्युबिंगेनच्या सभेत आलॉइस अल्झायमर ऑगस्टे डेटर यांच्या मेंदूविषयी बोलले, तेव्हाच पेशींबाहेरचे साठे आणि पेशींच्या आतले गुंते त्यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत पाहिले होते. बाहेरचा साठा अमायलॉइड-बीटाचा, हे 1984 आणि 1985 मध्ये कळलं: आधी जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांच्याकडून, मग कॉलिन मास्टर्स आणि कॉनराड बायरॉयटर यांच्याकडून. आतल्या गुंत्यांत टाऊ हे प्रथिन असतं हे 1986 मध्ये इंगे ग्रुंडके-इक्बाल, खालिद इक्बाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. अमायलॉइडपासून आजाराची साखळी सुरू होते हे गृहीतक जॉन हार्डी आणि जेराल्ड हिगिन्स यांनी 1992 मध्ये लिहिलं. त्यानंतर चौदा वर्षांनी छापलेला निबंध या सगळ्याचा पाया कसा होईल?

अमायलॉइड हटवणाऱ्या औषधांचीही तीच गोष्ट. लेकानेमॅबचं मूळ उत्तर स्वीडनमधल्या एका कुटुंबात सापडलेल्या ‘आर्क्टिक’ जनुकबदलात आहे, आणि तो उप्सालाच्या लार्स लॅनफेल्ट यांच्या गटानं 2001 मध्ये कळवला. ॲड्युकानुमॅब हा प्रतिपिंड झ्युरिकमध्ये निरोगी वृद्धांच्या रोगप्रतिकारक पेशींतून शोधला गेला. डोनानेमॅब साठ्यातल्या अमायलॉइडच्या एका बदललेल्या रूपाला पकडतं. ‘स्टार 56’ला धरून यातलं एकही औषध तयार झालेलं नाही.

आता जे उभं आहे ते पाहू. एखादं प्रथिन शरीरात किती बनतं, केवळ एवढ्यावरून हा आजार होऊ शकतो, याचा पुरावा प्रयोगशाळेतल्या कुठल्याही चित्रावर अवलंबून नाही. अमायलॉइड-बीटा ज्या मोठ्या प्रथिनातून कापलं जातं त्याचं नाव एपीपी. चेतापेशी ते मोठ्या प्रमाणावर बनवतात. त्याचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींत या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणजे एपीपीचीही दीडपट सोय. त्यांच्यापैकी जवळपास सर्वांच्या मेंदूत चाळिशीपर्यंत अल्झायमरचे साठे आणि गुंते तयार होतात.

यावर हुशार माणूस लगेच म्हणेल की त्या गुणसूत्रावर दोनशेच्या वर जनुकं आहेत, दोष एपीपीचाच कशावरून? त्याचं उत्तर दोन ठिकाणांहून आलं आहे. 1998 मध्ये ब्रिटनमधून एका 78 वर्षांच्या स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली. तिला डाउन सिंड्रोम होता, पण तिसरी प्रत अपुरी होती आणि तिच्या त्या तुकड्यात एपीपीचं जनुक नव्हतं. मृत्यूनंतर तपासलेल्या तिच्या मेंदूत अल्झायमर नव्हता. उलट बाजूनं, फ्रान्समधल्या काही कुटुंबांत डाउन सिंड्रोम नव्हता, पण एपीपीच्या जनुकाची एक जादा प्रत पिढ्यान्‌पिढ्या उतरत होती आणि त्या माणसांना ऐन उमेदीत अल्झायमर होत होता. हे रुआँच्या संशोधकांनी छापलं 2006 मध्ये. ज्या वर्षी मिनेसोटाच्या निबंधाचा गाजावाजा झाला त्याच वर्षी. गाजावाजा झालेला निबंध आज रद्द आहे आणि फ्रेंच कुटुंबांची नोंद शाबूत आहे, पण संभाषणात आठवण निघते ती पहिल्याचीच. आणखी एक पुरावा 2012 मध्ये आइसलँडमधून आला: एपीपीतला एक दुर्मीळ बदल, ज्यानं पेशींवरच्या प्रयोगांत अमायलॉइडचं उत्पादन सुमारे 40 टक्क्यांनी घटतं, तो असणाऱ्यांना हा आजार कमी होतो. जास्त बनलं तर आजार, कमी बनलं तर संरक्षण. ‘प्रथिनांची दिशाच चुकीची’ म्हणणाऱ्यानं आधी या माणसांचं काय करायचं ते सांगावं.

मी अमायलॉइडवाल्यांचं वकीलपत्र घेतलेलं नाही. त्यांनीही या विषयाचं बरंच नुकसान केलं आहे. एपीपीतून अमायलॉइड कापून काढणारी विकरं रोखली की काम फत्ते, अशा खात्रीनं औषधं आणली गेली; त्यातल्या सेमागासेस्टॅटची चाचणी 2010 मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांची स्थिती प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा जास्त खालावली. लेकानेमॅबच्या 1,795 जणांच्या चाचणीत अठरा महिन्यांनंतर 18 गुणांच्या मापपट्टीवर फरक पडला 0.45 गुणांचा. ऱ्हास 27 टक्क्यांनी मंदावला असं त्याचं वर्णन होतं, आणि ते चूक नाही. पण आई आपल्याला पुन्हा ओळखू लागेल या आशेनं विचारणाऱ्या मुलाला दोन्ही आकडे सांगायला हवेत. शिवाय औषध घेणाऱ्यांपैकी 12.6 टक्के जणांच्या स्कॅनमध्ये मेंदूला सूज दिसली. हे यश आहे, पण फार लहान. साठा उपसला तरी आजार चालूच राहतो, म्हणजे चेतापेशीच्या आत दुसरं काही तरी सुरू होऊन बसलेलं असतं. ते काय, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी चेतापेशीतच डोकवावं लागतं.

इथं दुसरा आक्षेप येतो. मृत्यूनंतरचा मेंदू म्हणजे आग विझल्यानंतरची राख. राखेतून काय कळणार? आक्षेप ऐकायला बरा वाटतो. पण आगीचा तपास राखेवरूनच होतो, आणि मेंदू एकाच वेळी सगळीकडे जळत नाही. या आजाराचं सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य म्हणजे तो निवडून मारतो. कानशिलामागच्या भागात, स्मृतीच्या दारात बसलेला एंटोरायनल कॉर्टेक्स नावाचा पट्टा आहे. त्याच्या दुसऱ्या थरातल्या चेतापेशी 1996 मध्ये बॉस्टनमध्ये तेरेसा गोमेझ-इस्ला आणि ब्रॅडली हायमन यांच्या गटानं मोजल्या. अगदी सौम्य लक्षणं असतानाच मरण पावलेल्यांत त्या थरातल्या सुमारे 60 टक्के पेशी गेलेल्या होत्या, गंभीर अवस्थेत सुमारे 90 टक्के. लहान मेंदूतल्या पेशी मात्र बऱ्याच अंशी सुरक्षित. त्याच माणसाची जनुकं, तेच वय, तेच रक्त. मग एक पेशी का मरते आणि दुसरी का तगते?

म्हणजे एकाच मेंदूत राख, धुमसणारा भाग आणि शाबूत भाग असे तिन्ही मिळतात. हाइको आणि एव्हा ब्राक यांनी 1991 मध्ये टाऊच्या गुंत्यांचा प्रवास सहा टप्प्यांत मांडला तो असेच मेंदू तपासून. ज्यांना हयातीत काहीही विस्मरण नव्हतं अशांच्या मेंदूतही पहिले टप्पे सापडतात. आजार सुरू होताना चेतापेशीत काय असतं हे बघायचं तर याहून जवळ जाता येत नाही. जिवंत माणसाच्या एंटोरायनल कॉर्टेक्सचा तुकडा कुणी कापून देणार नाही.

याचा अर्थ या अभ्यासात खोट नाही असा नाही. खोट आहे, पण टीकाकार दाखवतात तिथं नाही. माझ्या मते सर्वांत मोठी चूक वर्षानुवर्षं अशी होत आली: मेंदूचा तुकडा घ्यायचा, घोटायचा, त्यातली प्रथिनं मोजायची आणि जाहीर करायचं की अमुक प्रथिन अल्झायमरमध्ये ‘कमी होतं’. त्या लगद्यात चेतापेशी असतात, त्यांना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट असतात, मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया असतात, रक्तवाहिन्या असतात. चेतापेशी मेल्या तर त्यांची सगळीच प्रथिनं लगद्यात कमी भरणार. उरलेली प्रत्येक पेशी ते प्रथिन पूर्वीइतकंच, कदाचित जास्तच, बनवत असेल. लोकसंख्या घटली की दरडोई उत्पन्न घटलं, हा फरक न करता काढलेले किती निष्कर्ष आजही पाठ्यपुस्तकांत आहेत कोण जाणे.

दुसरी खोट मृत्यू आणि गोठवणं यांच्यामधल्या तासांची. टाऊवर जादा फॉस्फेट चिकटणं ही अल्झायमरची ओळख मानली जाते. 1994 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटानं शस्त्रक्रियेत काढलेल्या ताज्या, निरोगी मेंदूच्या तुकड्यांत टाऊ तपासलं, तर आजाराची खूण समजल्या जाणाऱ्या कितीतरी जागांवर तिथंही फॉस्फेट होतं. मृत्यूनंतर पेशीतली विकरं ते भराभर सोडवून टाकतात. निरोगी मेंदू उशिरा गोठवला जात होता, म्हणून तो वाजवीपेक्षा ‘स्वच्छ’ दिसत होता. ही सुधारणा बाहेरच्या कुणी केली नाही. प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्यांनीच, जास्त काळजीनं अभ्यास करून केली. चुकीच्या मोजमापावर उपाय म्हणजे नीट मोजमाप.

तिसरी उंदरांची. लोकप्रिय ‘फाइव्ह-एक्स-एफएडी’ उंदरांत माणसांतल्या दुर्मीळ आनुवंशिक अल्झायमरचे पाच जनुकबदल एकाच वेळी घातलेले असतात आणि एपीपी नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट बनवलं जातं. एवढं करूनही माणसासारखे टाऊचे गुंते त्यांना होत नाहीत. जपानमध्ये ताकाओमी साइदो यांनी 2014 मध्ये उंदराचं स्वतःचंच जनुक बदलून, उत्पादन न वाढवता, वेगळे उंदीर तयार केले, ते याच कारणासाठी. प्रथिन किती बनतं हाच प्रश्न असताना ते कृत्रिमपणे फुगवलेला प्राणी उत्तर म्हणून चालवून घ्यायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

तिसरा आक्षेप प्रयोगशाळांच्या आतून येतो, म्हणून जास्त गंभीर. आता एकेका पेशीतला आरएनए वाचता येतो; जनुकाचा निरोप वाचला की प्रथिन वेगळं कशाला मोजायचं? एमआयटीतल्या ली-ह्वे त्साई यांच्या गटानं 2019 मध्ये 48 व्यक्तींच्या मेंदूतली सुमारे 80,000 पेशीकेंद्रकं अशी वाचली. सिॲटलमध्ये 84 दात्यांच्या मेंदूंवर झालेल्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोमॅटोस्टॅटिन बनवणाऱ्या काही चेतापेशी लवकर नाहीशा होताना दिसल्या. ही थोर कामं आहेत. त्यांनी लगद्याचा प्रश्न बऱ्याच प्रमाणात सोडवला.

पण निरोप म्हणजे काम नव्हे. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले निकोलस सेफ्राइड आणि ॲलन लिव्ही यांच्या गटानं 2022 मध्ये मेंदूंच्या मोठ्या संग्रहात प्रथिनं मोजली आणि आरएनएशी ताडून पाहिली. एकत्र वरखाली होणाऱ्या प्रथिनांच्या गटांपैकी जवळपास निम्मे आरएनएच्या नकाशात दिसलेच नाहीत. आजाराशी घट्ट नातं असलेले काही गट त्यांतलेच होते. हे का व्हावं ते समजायला अवघड नाही. चेतापेशीचं केंद्रक एका ठिकाणी असतं आणि तिचे फाटे दूरवर पसरलेले असतात. निरोप फाट्यांपर्यंत जातो आणि प्रथिन तिथंच, चेतासंधीजवळ, गरजेप्रमाणे बनतं. शिवाय बनलेलं प्रथिन मोडणारी यंत्रणा थकली तर निरोप तेवढाच राहूनही साठा वाढत जातो. टाऊचं नेमकं तेच होतं.

आणि प्रथिन बनवणारी यंत्रणाच बिघडली असेल तर? केंटकी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं की सौम्य विस्मरणाच्या अवस्थेतच मेंदूच्या ग्रस्त भागातले रायबोसोम, म्हणजे पेशीत प्रथिनं जुळवणारे कारखाने, नीट काम करत नाहीत. लहान मेंदूतले करतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या प्रयोगशाळेनं 2017 मध्ये आजाराच्या उंदरांत पाहिलं की चेतासंधीला संदेश मिळाल्यावर जे नवं प्रथिन बनायला हवं ते बनत नाही, आणि हे साठे दिसू लागण्याच्या कितीतरी आधी. तिथं एकेटी-1 नावाच्या प्रथिनामार्फत होणारी संदेशवहनाची कडी तुटलेली होती. हा उंदरांतला निष्कर्ष आहे, वर उंदरांविषयी लिहिलं ते इथंही लागू. पण कुठलाही आरएनएचा नकाशा हे दाखवू शकला नसता, कारण निरोप जागेवर होता आणि काम ठप्प होतं.

मग सगळे हेच का करत नाहीत? कारण ते किचकट आणि खर्चिक आहे. आरएनएच्या एका रेणूच्या लाखो प्रती काढता येतात; प्रथिनाची प्रत काढता येत नाही. असेल तेवढ्यातच भागवायचं. मेंदूचा काही मायक्रॉन जाडीचा काप काचेवर ठेवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली लेझरनं एकेक चेतापेशी कापून काढायची, अशा शेकडो गोळा करायच्या आणि मास स्पेक्ट्रोमीटरला द्यायच्या. चेतापेशींवरच थांबावं असंही मी म्हणत नाही. आजाराचा धोका वाढवणारी ट्रेम-2 सारखी जनुकं मायक्रोग्लियात काम करतात. पण विस्मरण होतं ते चेतासंधी तुटल्यामुळे आणि चेतापेशी मेल्यामुळे.

राहिला पैशाचा मुद्दा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीवरच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांची सेवा घरातली बायको, सून किंवा मुलगी करते, बिनपगारी, आणि बहुतेक वेळा निदानाशिवाय. तिला मदत हवी, दिवसभराची सांभाळकेंद्रं हवीत, यात वाद नाही. पण मेंदूतल्या प्रथिनांचे प्रयोग थांबवून तो पैसा तिच्याकडे येईल असं मानणं भाबडेपणाचं आहे. तिच्या निदानाचा प्रश्न काही अंशी सुटू लागला आहे तो मात्र याच अभ्यासातून. गुंत्यात टाऊ आहे, टाऊवर फॉस्फेट आहे, कुठल्या जागी आहे, तो तुकडा रक्तात उतरतो, अशी एकेक पायरी चढत पी-टाऊ-217 ची रक्तचाचणी आली. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अमायलॉइडशी गुणोत्तर काढून ती वापरायला परवानगी दिली, लक्षणं असलेल्या रुग्णांसाठी. महागड्या पेट स्कॅनऐवजी रक्ताची एक नळी पुरू लागली, तर सर्वांत जास्त लाभ तालुक्याच्या गावातल्या म्हातारीचा आहे.

आपल्याकडे मात्र या अभ्यासाचा कच्चा मालच नाही. जगात वापरले जाणारे मेंदूंचे मोठे संग्रह, उदाहरणार्थ 1994 पासून शिकागोत ख्रिस्ती जोगिणी आणि धर्मगुरूंच्या सहभागानं चाललेला, बहुतांश गोऱ्या अमेरिकनांचे आहेत. आपल्या मेंदूत मधुमेह, रक्तवाहिन्यांचे विकार आणि अल्झायमर यांची सरमिसळ कशी असते हे त्यांवरून कळणार नाही. बंगळूरच्या निम्हान्समध्ये 1995 पासून मेंदूपेढी आहे, एस. के. शंकर यांनी ती उभी केली. एवढ्या मोठ्या देशाला अशा बोटांवर मोजण्याइतक्या पेढ्या पुरेशा नाहीत.

महाराष्ट्रात नेत्रदान आणि देहदान रुजलेलं आहे. देहदानाचा फॉर्म भरला म्हणजे मेंदू या कामासाठी राखला जाईल असं मात्र होत नाही. देह शरीररचनेच्या शिक्षणासाठी जातो. मेंदूदानाची बोलणी आधी व्हावी लागतात, आणि मृत्यूनंतर काही तासांत मेंदू पेढीपर्यंत पोचावा लागतो. ज्यांच्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे त्यांनी, आणि ज्यांची स्मृती उत्तम आहे त्यांनीही, कारण तुलनेला निरोगी मेंदू तितकेच लागतात, आपल्या मेंदूविकारतज्ज्ञाला पुढच्या भेटीत एवढं विचारावं: इथून मेंदूदान करायचं असेल तर कुणाशी बोलावं लागेल? मुंबई-पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत या प्रश्नाला तयार उत्तर नसेल, तर ते तयार करायला भाग पाडावं.